पावसाळ्यात सायकल टूर, लाओस आणि आसपासच्या देशांतली खेडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आणि माझी मैत्रीण ऑगस्टमध्ये उत्तर लाओसला सायकलवर फिरलो, म्हणजे ऐन पावसात, आणि परत आल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. बहुतेक अनुभव लाओसचा आहे, व्हिएतनाम, थायलंड, कंबोडियाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय.

पावसात मुळात जावंच का? सीझन सोडून का जायचं?

कारण तेव्हाच तो प्रदेश जिवंत असतो. जून-जुलैत भातलावणी चालू असते, शेतं पाण्याने भरलेली, डोंगर इतके हिरवे की डोळे निवतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथे शेतं जाळल्यामुळे जो धूर भरून राहतो तो अजिबात नसतो. गर्दी कमी, गेस्टहाऊसमध्ये जागा सहज मिळते. पण एक मान्य करून जा की रोज ठरलेले किलोमीटर होणार नाहीत. बुद्धाच्या काळापासून भिक्खू आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका विहारात मुक्काम करतात, आपण त्याला वर्षावास म्हणतो, लाओसमध्ये त्याची सुरुवात बून खाओ फान्सा म्हणून साजरी करतात आणि शेवट ऑक्टोबरमध्ये ओक फान्साला होतो. म्हणजे या भागात पावसाळ्यात थांबणं ही हजारो वर्षांची पद्धत आहे, आपण चालत राहणारे वेगळे, तर थांबायची तयारी ठेवूनच निघायचं. मला या सगळ्या टूरमधून हीच एक गोष्ट सांगायची आहे, बाकी सामान वगैरे त्यानंतर.

नक्की कुठल्या महिन्यात कुठे पाऊस असतो?

लाओस, थायलंडचा बराचसा भाग आणि कंबोडियात साधारण मे ते ऑक्टोबर, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर जोरात. व्हिएतनाम मात्र लांबट आहे म्हणून तिथे एकच उत्तर नाही. उत्तर आणि दक्षिण भागात उन्हाळी मोसमी पाऊस, पण मध्य किनाऱ्यावर, ह्युए, दा नांग, होई आन या पट्ट्यात खरा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर येतो आणि तेव्हा पूरही येतात. लोक ऑक्टोबरात "पावसाळा संपला" म्हणून व्हिएतनामला जातात आणि ह्युएमध्ये अडकतात. श्रीलंकेत तर दोन पावसाळे, नैऋत्येला मे ते सप्टेंबर आणि ईशान्येला साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे बेटाची कुठली तरी एक बाजू बऱ्याचदा कोरडी मिळते.

दिवसभर पडतो का? की येऊन जातो?

दोन्ही. जास्त करून दुपारी ढग भरून येतात, तास-दोन तास झोडपून काढतो आणि मग उघडीप. अशा दिवसात पहाटे सव्वापाच-साडेपाचला निघालात तर अकरापर्यंत पन्नास-साठ किलोमीटर होऊन जातात (सपाटीवर, घाटात निम्मे धरा). पण समुद्रावरून वादळ सरकत आलं की दोन-तीन दिवस झड लागते, तेव्हा पहाटे उठूनही उपयोग नाही, गेस्टहाऊसमध्ये मुक्काम वाढवायचा. आम्ही बारा दिवसांच्या टूरमध्ये तीन दिवस रिकामे ठेवले होते, तिन्ही वापरले गेले.

कधी थांबायचं हे कसं ठरवता?

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब उत्तर.

नुसता पाऊस हे थांबायचं कारण नाही. अंग भिजलं तरी हालचाल चालू आहे, गरम होतंय, रस्ता दिसतोय, तर चालवत राहा, उलट सपाट प्रदेशात ३०-३२ डिग्रीच्या दमटपणात पाऊस छान वाटतो. पण चार गोष्टी दिसल्या की आम्ही वाद न घालता थांबतो.

पहिली वीज. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोसा शोधायचा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं. इथे एक गैरसमज आहे, भातशेतात चार खांबांवर छप्पर टाकलेल्या उघड्या झोपड्या असतात, लाओमध्ये थिआंग ना म्हणतात, त्या पावसाला मस्त पण विजेला नाहीत. विजेसाठी भिंती असलेली पक्की इमारत हवी, किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी. एकट्या झाडाखाली तर कधीच नाही.

दुसरी, रस्त्यावरून वाहणारं पाणी. साचलेलं वेगळं, वाहणारं वेगळं. गुडघ्याच्या बरंच खाली, फक्त १५ सेंटिमीटर खोल पण वेगाने वाहणारं पाणीसुद्धा माणसाला पाडू शकतं, आणि ६० सेंटिमीटरला मोठ्या गाड्या वाहून जातात. फरशी पुलावर खालचा काँक्रीटचा भाग शाबूत आहे की नाही हे गढूळ पाण्यातून दिसतच नाही. गावातले लोक जात नसतील तर आपण जायचं नाही, आणि गावातले लोक मोटरसायकलने जात असतील तरी सामान लादलेली सायकल घेऊन जायचं नाही.

तिसरी दरड. रस्त्यावर ताजी माती, छोटे दगड घरंगळून आलेले, झाडं वाकडी झालेली, डोंगराच्या बाजूने चॉकलेटी पाणी येतंय, असं दिसलं की तिथे फोटो काढत उभं राहू नका. एकतर पटकन पार व्हा किंवा मागे फिरा.

चौथी, अंधार. पावसात संध्याकाळ पाऊण तास आधी होते असं समजून हिशोब करा.

मग थांबायचं कुठे? खेड्यात हॉटेल थोडीच असतात?

नूडल सूपचं दुकान. अगदी छोट्या वस्तीतसुद्धा एखादं असतं, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आत मोठं पातेलं. फ किंवा खाओ पिआक घ्या, दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. नाहीतर गावाचा वात, म्हणजे बौद्ध मंदिर, तिथे आवारात सभामंडपासारखी मोकळी साला असते. आत जाताना चपला काढायच्या, खांदे-गुडघे झाकलेले, ओले कपडे मंडपात टांगायचे नाहीत, आणि बाईने भिक्खूंना स्पर्श करायचा नाही किंवा हातात हात लावून वस्तू द्यायची नाही, हे आम्ही दोघींनी कटाक्षाने पाळलं. आधी विचारायचं, हसून, हात जोडून. शाळेचा व्हरांडा, पेट्रोल पंपाचं छप्पर, हेही चालतं.

मुक्कामासाठी लाओमध्ये हुआन फाक, व्हिएतनाममध्ये न्या न्गी अशी पाटी शोधा. साधी खोली, पंखा, आणि बहुतेक ठिकाणी सायकल आत घेऊ देतात.

तंबू नेला तर? पाऊस आला की कुठेही टाकता येईल ना?

लाओसमध्ये नाही, कृपा करून नाही. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने तिथे २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधून (हवेत उघडून छोटे छोटे बॉम्ब पसरवणारे) पडलेल्या छोट्या बॉम्बपैकी अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत आणि बरेच आजही जमिनीत आहेत. शिआंगखुआंग प्रांत आणि पूर्वेकडचा व्हिएतनामच्या सीमेचा पट्टा सगळ्यात वाईट. पावसाने माती वाहून जाते आणि जे पुरलेलं होतं ते वर येतं. रस्ता सोडून झुडपात लघवीला जातानासुद्धा मळलेल्या पायवाटेवरच राहायचं, आणि धातूचं गोल, चेंडूसारखं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही. हे वाचून घाबरू नका, डांबरी रस्ता आणि गावातल्या रुळलेल्या जागा रोजच्या वापरातल्या आहेत. पण पावसात घाईघाईने शेतात शिरून तंबू ठोकणं ही मात्र खरंच चूक ठरेल.

रेनकोट कुठला घ्यायचा? महागडं जॅकेट लागतं का?

सपाटीवर नाही. उष्ण पावसात कितीही भारी "श्वास घेणारं" जॅकेट घातलं तरी आतून घामाने भिजताच, मग फरक काय. आमच्या मते पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, भिजू द्यायचा, थांबलं की पिळायचा, वीस मिनिटांत अंगावर वाळतो. कॉटन नको, जीन्स तर नकोच. पॉंचो हा चांगला पर्याय आहे, व्हिएतनाममध्ये रस्त्याकडेला सगळीकडे मिळतो, तिथे आओ मुआ म्हणतात, मोटरसायकलवाले अख्खे त्यातच असतात. सायकलवर मात्र वारा भरला की पॉंचो शिडासारखा फुगतो आणि कडा चाकात जायची भीती, म्हणून खालची टोकं हँडलला क्लिपने अडकवा आणि उतारावर काढूनच टाका.

घाटात मात्र गोष्ट वेगळी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं, त्यात ओले कपडे आणि उताराचा वारा. मी लुआंग प्राबांगहून गरमीत निघाले होते आणि किउकाचाम या घाटातल्या गावाजवळ, हजार मीटरच्या वर, ढगात माझे दात वाजत होते. तिथे विंडप्रूफ जॅकेट, हाताला ग्लव्ज आणि कोरडा थर लागतोच. बोटांनी बॅगचं बकल उघडता येईना, बोलताना जीभ जड होतेय, असं झालं तर तो साधा गारठा नाही, लगेच थांबून ओलं काढायचं, कोरडं घालायचं, गरम गोड काहीतरी प्यायचं.

अजून एक छोटी गोष्ट, हेल्मेटखाली चोच असलेली कॅप घाला. डोळ्यात पाणी येत नाही. चष्मा असेल तर कॅप अजूनच हवी.

पायात काय?

सॅंडल, मागे पट्टा असलेले. बूट भिजले की दोन दिवस वाळत नाहीत, आणि सतत ओल्या मोज्यात पाय पांढरे पडून सोलले जातात. रात्री पाय कोरडे करून बोटांमध्ये पावडर, एवढं रोज करा. बूटच असतील तर रात्री आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा, दोनदा बदला.

सामान कोरडं कसं ठेवायचं?

तोंड गुंडाळून बंद होणारे पॅनियर (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लावायच्या बॅगा) असतील तर उत्तम, नसतील तरी चालतं. आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, त्यात सगळं. वरून घालायचं रेनकव्हर मला पटत नाही कारण पाणी खालून, चाकावरून येतं. आमचा नियम असा की कपड्यांचा एक जोड आणि झोपायची चादर वेगळ्या ड्राय बॅगमध्ये, आणि ती पिशवी रस्त्यात उघडायचीच नाही, मुक्कामाला पोहोचल्यावरच (वर सांगितला तसा धोक्याचा गारठा भरला तर तेवढा अपवाद). दिवसभर कितीही भिजलो तरी संध्याकाळी कोरडे कपडे आहेत हे माहीत असलं की मन स्थिर राहतं.

पासपोर्ट आणि पैसे दुहेरी झिप पाउचमध्ये अंगावर. व्हिएतनामच्या मोठ्या नोटा पॉलिमरच्या असतात, भिजल्या तरी चालतात, लाओसचे किप मात्र नाजूक होतात, आणि खेड्यात रोख लागतेच.

फोनचं काय? पावसात टचस्क्रीन चालतच नाही.

चालत नाही, बरोबर. म्हणून निघायच्या आधी रस्ता डोक्यात बसवा, मुख्य गावांची नावं आणि अंतरं कागदावर लिहून हँडलबार बॅगच्या पारदर्शक खिशात. ऑफलाइन नकाशे आधी उतरवून ठेवा, ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मॅंड, घाटात नेटवर्क जातं. ओल्या पोर्टमध्ये चार्जर लावू नका, आधी पूर्ण वाळू द्या.

ब्रेक आणि टायरची काय काळजी घ्यायची?

माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यालाच रबरी पॅडने पकडणारे, आणि किउकाचामहून दुसऱ्या दिवशी निघून फूखूनवरून कासीकडे जो लांब उतार आहे तिथे मला धडा मिळाला. ओल्या रिमवर पहिला एक-दोन फेरा ब्रेक पकडतच नाही, आधी पाणी पुसलं जातं मग पकड येते, म्हणून वळणाच्या खूप आधीपासून हलके हलके ब्रेक लावत राहायचं. त्यात रस्त्यावरची वाळू पॅडमध्ये अडकते आणि पॅड सॅंडपेपरसारखे झिजतात. सकाळी निम्म्याहून जास्त असलेले माझे मागचे पॅड कासीला पोहोचेपर्यंत धातूवर आले होते, शेवटचे काही किलोमीटर खर्रखर्र आवाज येत होता आणि मी उतरून चालत होते. तेव्हापासून दोन जोड सोबत असतात. डिस्क ब्रेकला ओल्यात बरंच बरं, पण तिथेही रेझिन पॅड चिखलात लवकर जातात, मेटलवाले टिकतात.

टायरमधली हवा थोडी कमी करा, पाच-दहा पीएसआय, पकड वाढते. रंगवलेले पांढरे पट्टे, लोखंडी पूल, लाकडी फळ्यांचे पूल, गटाराची झाकणं, ओली पानं, या सगळ्यांवर वळू नका आणि ब्रेक मारू नका, सरळ रेषेत पार व्हा. फळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेत असतील तर उतरून चाला.

पंक्चर पावसात जास्त होतात, पाण्याने काच टायरला चिकटते आणि ओलं रबर सहज कापलं जातं. आणि ओल्यात पॅच चिकटत नाही! म्हणून दोन स्पेअर ट्यूब ठेवा, रस्त्यात ट्यूब बदला, पॅच रात्री खोलीत लावा.

लाल मातीचा रस्ता लागला तर?

कंबोडियात आणि लाओसच्या आतल्या भागात खूप आहेत. कोरडे असताना धूळ, ओले झाले की कणकेसारखे. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये असा भरतो की चाक फिरतच नाही. तिथे मडगार्ड काढून ठेवावं लागतं (एरवी मडगार्ड हवंच, मागून येणारीच्या तोंडावर फवारा जात नाही). काठी घेऊन खरवडत राहायचं. खरं सांगायचं तर मुसळधार पावसानंतर असा रस्ता टाळून लांबचा डांबरी घेणं परवडतं, बारा किलोमीटरला आम्हाला चार तास लागले होते.

रोज रात्री सायकलचं काय करायचं?

बादलीभर पाण्याने चिखल धुवा, प्रेशर पंप नको. चेन फडक्याने कोरडी करा आणि वेट लुब (ओल्यात टिकणारं चेनचं तेल) लावा, ड्राय लुब पहिल्याच सरीत वाहून जातं. सायकल उलटी करून सीटच्या नळीतलं पाणी निथळू द्या. दहा मिनिटांचं काम आहे, कितीही दमलात तरी करा.

आजारपण? डास, जळवा वगैरे?

जळवांनी रक्त जातं पण त्या रोग देत नाहीत, नखाने कडेने सरकवून काढा, मीठ किंवा जळती काडी नको. डेंगीचा डास दिवसा चावतो म्हणून रिपेलंट सकाळपासूनच, पावसाने धुतलं की परत लावा. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या, डेंगी नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लेप्टोकडे (लेप्टोस्पायरोसिस) मात्र सगळे दुर्लक्ष करतात. पुराच्या पाण्यात, भातखाचरात उंदरांचं-गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला खरचटलेलं असेल तर तिथून जंतू आत जातात. जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी, संध्याकाळी साबणाने पाय स्वच्छ. घरी परतल्यावर महिन्याभरात ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना आपणहून सांगा की पुराच्या पाण्यातून गेले होते, ते विचारतीलच असं नाही.

आणि ओल्या शॉर्ट्समध्ये बसून मांड्या सोलल्या जातात. सकाळी व्हॅसलिन, संध्याकाळी पहिलं काम शॉर्ट्स धुणं.

ट्रॅफिकची भीती वाटते.

लाओस, व्हिएतनाम, कंबोडियात गाड्या उजवीकडून चालतात, थायलंडमध्ये आपल्यासारख्या डावीकडून. आपली सवय पावसात, दमलेलं असताना, दुकानातून बाहेर निघताना उसळी मारते, म्हणून प्रत्येक ब्रेकनंतर आम्ही एकमेकींना मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचो. मागचा लाल लाईट दिवसाही चालू ठेवा. व्हिएतनाममध्ये ह्युए ते दा नांग जाताना हाय वान घाट लागतो, साधारण पाचशे मीटर उंच, २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून बहुतेक ट्रक आतून जातात. बोगद्यातून सायकल चालवायला बंदी, पण घाटाचा रस्ता त्यामुळेच शांत झालाय. ढगात असेल तर मात्र उतारावर फार सावकाश.

गाडीत सायकल टाकली तर टूर "खरी" राहते का?

हो, राहते. लाओसमध्ये पिकअपला मागे बाक लावलेले सोंगथाव असतात, टपावर किंवा मागे सायकल बांधतात, भाडं आधी ठरवा. बसच्या पोटातही घेतात. चेन आणि गिअरची बाजू वर ठेवा आणि मध्ये कापड घाला. अंधारात दरडीच्या घाटात चढण्यापेक्षा हे शंभर पटीने शहाणपणाचं.

भाषा येत नाही, पावसात मदत कशी मागायची?

थोडे शब्द पुरतात. सबाईदी म्हणजे नमस्कार, खोप चाई म्हणजे धन्यवाद, बो पेन न्यांग म्हणजे काही हरकत नाही, आणि फोन तोक म्हणजे पाऊस पडतोय (थाईतही हेच चालतं, व्हिएतनामीत पावसाला मुआ).

अजून एक वाक्य मला एका आजींनी शिकवलं. लुआंग प्राबांगहून निघालो त्या दिवशी अकराला पाऊस सुरू झाला, दोन वाजता साठेक किलोमीटरवर एका नूडल दुकानात शिरलो, पत्र्यावरून पागोळ्या अशा पडत होत्या की समोरची सायकल दिसत नव्हती. आजींनी काही न विचारता चुलीजवळ दोन स्टूल ठेवली, माझं जॅकेट हातातून घेऊन धुरावर टांगलं, आणि आम्ही तिथे तीन तास बसलो. पाचला आवाज थांबला. त्या दारात जाऊन वर बघून आल्या आणि म्हणाल्या, फोन साओ लेओ, पाऊस थांबला. आम्ही उठून सॅंडलचे पट्टे लावायला लागलो तर त्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं, वर सगळं काळं होतं, मग मान हलवली आणि मागच्या घरातून नातवाला हाक मारली. तो पिकअप घेऊन आला, उरलेले वीस किलोमीटर आम्ही त्याच्या गाडीत कांद्याच्या पोत्यांवर बसून गेलो, आणि अर्ध्या घाटात परत धो धो सुरू झाला.